चौदा घरांची लाइन

डिशवाल्याचा फोन वीस दिवस वाजला नाही. त्यानं त्याचा अर्थ लावला, की लाइन ठणठणीत आहे.

यात त्याची फारशी चूक नव्हती, धंद्याचा नियमच तसा. चित्र स्वच्छ दिसत असताना कोणी फोन करून सांगत नाही, की बाबा रे, आज फार छान दिसतंय. चित्रावर मुंग्या आल्या, आवाज गेला, की मगच लोकांना डिशवाला आठवतो, आणि आठवतो तोही शिव्यांसकट. म्हणून बिनतक्रारीचा दिवस म्हणजे सोन्याचा दिवस, असं तो बावीस वर्षं मानत आला होता. आणि असे वीस दिवस ओळीनं गेले होते.

"बंद करायच्या वेळी लाइन कशी नव्यासारखी चालतीये बघ," तो बायकोला म्हणाला.

बायको वायर गुंडाळायच्या लाकडी चौकटीला खिळा ठोकत होती. तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिळ्याकडे पाहिलं.

लाइन आता चौदाच घरांची उरली होती. एकेकाळी ती दोनशे दहा घरांची होती, हे आज सांगितलं तर पोरं हसतील. पण त्या दिवसांत त्याच्या गच्चीवरची बारा फुटी छत्री गावाबाहेरच्या वळणावरूनही दिसायची, आणि पाहुणे विचारायचे, हे घर कोणाचं. तो रस्त्यानं निघाला, की दोन्ही बाजूंच्या दारांतून चहाला बोलावणं यायचं. सामन्याच्या दिवशी त्याच्या खोलीतली वीज गेली तर लोक पळत येऊन त्याचं जनरेटर ओढायचे. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारायचे, घरी केबल आहे ना. असतील शितं तर जमतील भुतं, हे तेव्हा त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

मग घरोघरच्या पत्र्यावर आपापल्या थाळीएवढ्या छत्र्या आल्या. बाजाराकडची घरं आधी गेली, मग मधली. आणि मग तर माणसं हाताच्या तळव्यातच सगळं बघायला लागली. राहिली ती ओढ्याकडच्या आळीतली चौदा घरं. ती काही त्याच्यावरच्या मायेनं राहिली नव्हती. वायर आहे तर असू दे, एवढंच.

पण त्याच्या लेखी ती चौदा घरं फार मोठी होती. चौदा घरं आपल्यावर अवलंबून आहेत, असं म्हणत तो रोज सकाळी खोलीतल्या डब्यांवरची धूळ पुसायचा. वसुलीला मात्र दोन महिन्यांत गेला नव्हता. कोणी दारातच काही बोललं तर काय करायचं, ही त्याची भीती.

शहरात एका इमारतीच्या फाटकावर राखणदाराचं काम त्याला मिळालं होतं. फाटकाशेजारी एका माणसाची पाठ टेकेल एवढी खोली. बायकोला तिथे जागा नव्हती. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात, त्यामुळे बायकोनं इथे एकटीनं राहायचं आणि मजुरीला जायचं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं, म्हणजे पाच दिवसांनी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या मोटारींना सलाम ठोकायचा, या विचारानं त्याची जेवणावरची वासना उडाली होती. त्याला जायचं नव्हतं. हे तो कोणाला म्हणाला नव्हता, पण घरात दोनच माणसं असली की न बोललेलंही ऐकू येतं.

न जाण्याचा एकच रस्ता होता, आणि तो थोरल्या भावाच्या दारातून जात होता. दादाकडे रान होतं. दादा एकटा होता. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती, लेक लांब दिली होती. खालच्या रानातला एक तुकडा जरी दादानं कसायला दिला असता, तरी दोन माणसांचं भागलं असतं.

"विचारून तर बघा," बायको महिनाभर सांगत होती.

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"मातीला नको म्हणालात ते तोंडानंच ना? हवी म्हणायलाही तेच लागतं."

ती गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा घरात मोजण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, रान आणि छत्री. छत्री नवी होती, रानात पाणी नव्हतं. दादा म्हणाला, दोन्ही अर्धं अर्धं करू. पण धाकट्यानं चार माणसांसमोर हात झटकून सांगितलं, की मला माती नको, माती खाऊन कोणाचं पोट भरलंय. आत खाटेवर वडील पडून होते. त्यांनी आयुष्यभर तीच माती खणली होती. ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि दोन महिन्यांनी गेले. तेव्हापासून दादा धाकट्याशी बोलला नव्हता. गावातले लोक तेव्हा म्हणायचे, धाकट्यानं थोरल्याला गंडवलं, सोन्याची कोंबडी घेतली आणि खडक गळ्यात बांधला. पुढे दादानं विहीर खणली, तिला पाणी लागलं. लोक आता काय म्हणत असतील ते सांगायला नको.

पण त्या अबोल्याला एक फट होती. छत्रीपासून निघालेली तार ओढ्याकडे जाताना मधेच दमते. तिथे बूस्टर लावावा लागतो, त्याला वीज लागते, आणि ती जागा नेमकी दादाच्या घराची होती. वाटणीच्या आधीच तो डबा दादाच्या माळ्यावर बसवला होता, दादाच्या विजेवर. बोलणं तुटलं तरी दादानं त्याची पिन कधी काढली नाही. डबा बिघडला, की ओढ्याकडचं चित्र जायचं, गावात बोभाटा व्हायचा, तो दादाच्या कानावर पडायचा. मग दादा कुदळ खांद्यावर टाकून रानात निघायचा, आणि जाताना मागचं दार कडी न लावता नुसतं लोटून ठेवायचा. डिशवाला त्या दारानं आत यायचा, शिडीनं माळ्यावर चढायचा, डबा दुरुस्त करायचा आणि दार पुन्हा लोटून निघून जायचा. वर्षातून दोन-तीन वेळा असं व्हायचं. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. वहिनी होती तोवर एखाद्या वेळी शिडीपाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा. वहिनी गेल्यावर तांब्या गेला, दार मात्र तसंच लोटलेलं मिळायचं.

वायर काढायची ती शेवटच्या घरापासून, मागे सरकत. पहिल्या दिवशी सकाळीच नवरा-बायको शिडी घेऊन ओढ्याकडे गेले. तो वर चढायचा, पकडीनं खिळे उपटायचा, तार सोडवून खाली टाकायचा. ती चौकटीवर गुंडाळायची. बावीस उन्हाळे खाल्लेल्या तारेचं काळं आवरण हाताला भुकटीसारखं लागत होतं. तासाभरात दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. शिवाय वर बघून बघून त्याची मान कायमची मागे कललेली. गावात गंमत करायचे, की एका आईचे दोन लेक, थोरला जमिनीकडे वाकला आणि धाकटा आभाळाकडे, एकमेकांना दिसतील कसे.

पहिलं घर शिंपीणकाकूंचं. त्यांच्यासाठी त्यानं मनाची तयारी केली होती. काकू एकट्या, दिवसभर मशीनवर, समोर टीव्ही चालू. बंद करतोय म्हटल्यावर त्या रडतील, असं त्याला वाटत होतं. काकूंनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, की अंगणातली तार तेवढी राहू देशील का, तिच्यावर कपडे छान वाळतात. त्यानं ती राहू दिली. आत डोकावला, तर टीव्हीच्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे रचलेले, छपरापर्यंत.

दुसऱ्या घरात टीव्ही कुठे आहे तेच त्याला दिसलं नाही. तिसऱ्या घरात निवृत्त मास्तर ओट्यावर बसले होते. हातातल्या फोनवरून नजर न काढता ते म्हणाले, "अरे, हे अजून चालू होतं?"

"चालू म्हणजे काय मास्तर. अगदी काचेसारखं."

"असेल, असेल," मास्तर म्हणाले.

बायको खाली वायर गुंडाळत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. डिशवाल्यानं शिडी उचलली. मास्तरांना विसरायची सवयच आहे, असं तो पुढच्या घरापर्यंत स्वतःला समजावत गेला.

चौथ्या घरच्यांनी वेलाला आधार म्हणून दहा हात तार मागून घेतली. पाचव्या घरची सून म्हणाली, भिंतीतला खिळा काढलात तर भोक बुजवून द्या. त्यानं चुना कालवून भोक बुजवलं. ज्या घरात एकेकाळी त्याला खुर्ची पुसून बसायला देत, तिथे तो उकिडवा बसून बोटानं चुना दाबत होता, आणि सून उभी राहून सांगत होती, इकडे थोडा, अजून थोडा. अपमान म्हणावा तर तिचं काही चुकत नव्हतं. तेच जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराव्या घराच्या खांबावरचा जोडणीचा डबा उघडला, तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. एक माशी डाव्या पापणीवर चावली. तो शिडीवरून पडला नाही एवढंच. बायकोनं ओलं फडकं लावलं. डोळा सुजून मिटला. राहिलेली तीन घरं त्यानं एका डोळ्यानं उतरवली.

दुपारपर्यंत ओढ्याकडची सगळी तार खाली आली. आळीवरचं आभाळ मोकळं झालं, पण वर बघून कोणी काही म्हणालं नाही. आता दादाचं घर होतं.

"मी इथेच थांबते," बायको कोपऱ्यावर चौकट टेकवत म्हणाली. "आत जाताय तर नुसता डबा घेऊन येऊ नका."

त्याचा अंदाज साधा होता. दादा या वेळी रानात असणार. कांद्याची रोपं लावायचे दिवस, घरी कोण बसतंय. डबा काढायचा, दार लोटायचं, निघायचं. मागायची वेळच येणार नाही, आणि बायकोला सांगता येईल की दादा भेटलाच नाही. लाज वाटावी असा हा विचार होता, आणि त्याला ती वाटतही होती.

मागचं दार लोटलेलंच होतं. त्यानं ते ढकललं, तर आत दादा बसला होता. भिंतीला पाठ लावून, मांडीत कुदळीचा नवा दांडा धरून, काचेच्या तुकड्यानं तो घासत होता. डिशवाल्याला एका डोळ्यानंही दिसलं, की दादा फार थकला आहे. गुडघे सुजलेले, गालांची हाडं वर आलेली.

दादानं त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं.

"माशी?"

"गांधीलमाशी."

बावीस वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. डिशवाला म्हणाला, की डबा काढायला आलोय. दादानं हनुवटीनं शिडी दाखवली आणि पुन्हा दांडा घासायला लागला.

माळ्यावर अंधार होता, पण डब्याची जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. वरून धूळ पडू नये म्हणून कोणीतरी डब्यावर लाकडी खोकं पालथं घातलं होतं, त्यावर जाड पोतं. हे त्यानं केलेलं नव्हतं. पोतं आणि खोकं बाजूला करून त्यानं डब्यावर हात ठेवला आणि तो दचकला. डबा गार होता. बूस्टर कधी गार नसतो. कडाक्याच्या थंडीतही त्याला ऊब असते, उंदीर त्याला चिकटून झोपतात. त्यानं तार चाचपत चाचपत भिंतीपर्यंत हात नेला. पिन निसटून पडलेली नव्हती. कोणीतरी ती काढून, तारेची घडी करून फळीवर नीट ठेवली होती. घडीवर धूळ होती.

तो शिडीनं खाली आला.

"पिन कोणी काढली?"

"मी."

"कधी?"

"वीस दिवस झाले."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा डूख धरलास का, तो म्हणाला. बावीस वर्षं सांभाळलंस आणि शेवटच्या महिन्यात गळा दाबलास. मी लोकांना काचेसारखं चित्र आहे म्हणून सांगत फिरतोय, आणि इकडे माझी चौदा घरं वीस दिवस अंधारात... इथपर्यंत येऊन तो आपोआप थांबला.

वीस दिवस. चौदा घरं.

काकूंच्या टीव्हीवरचे कापडाचे गठ्ठे त्याला दिसले. मास्तर दिसले, चुन्याच्या भोकापाशी उभी राहिलेली सून दिसली. दोन दिवस तो या लोकांच्या दारात होता. चित्र गेलंय, असं एकही जण म्हणाला नव्हता. कारण ते गेल्याचं एकालाही कळलं नव्हतं.

तो तिथेच जमिनीवर बसला. त्याला रडू आलं नाही. नुसतं खूप दमल्यासारखं वाटलं, शिडी अजून खांद्यावरच असल्यासारखं.

"एकानंही सांगितलं नाही," तो म्हणाला.

दादानं काचेचा तुकडा खाली ठेवला. "नाही सांगितलं."

बाहेर कोपऱ्यावर बायकोनं चौकट हलवल्याचा आवाज आला. ती उभीच होती. त्यानं काळ्या हातानं तोंड पुसलं, ते आणखी काळं झालं.

"मी पहिल्या तारखेला चाललोय," तो म्हणाला. "शहरात. फाटकावर."

"कळलं मला."

"मला जायचं नाही, दादा."

डिशवाल्यानं मान खाली घातली. कायमची मागे कललेली ती मान खाली घालताना दुखते, हे त्याला तेव्हा कळलं. जमिनीकडे बघतच तो पुढचं बोलला.

"चार माणसांत बोललो होतो, मातीनं पोट भरत नाही म्हणून. बाबा ऐकत होते. मला माहीत होतं ते ऐकताहेत. चुकलो. मला खालच्या रानातला तुकडा कसायला दे. नाही दिलास तर मजुरीला ठेव. इतरांना देतोस तेच दे."

"बाबांनी ऐकलं," दादा म्हणाला. "मरेपर्यंत ऐकत होते ते."

"हो."

"ते मी विसरणार नाही."

"नको विसरू."

दादानं दांडा उचलला, एका डोळ्याजवळ धरून तो सरळ झालाय का ते पाहिलं, आणि बाजूला भिंतीला टेकवून ठेवला. मग तो हिशेबी आवाजात बोलायला लागला, जसा कोणाही कुळाशी बोलला असता. खालचं रान अर्ध्यानं. बी माझं, कष्ट तुझे. कांद्याची रोपं वाफ्यात वाढून गेलीत, निम्मी फुकट जाणार, राहिलेली चार दिवसांत लावायला हवीत. सकाळी सहाला यायचं, तुझ्या बायकोलाही घेऊन ये. उशीर चालणार नाही. वर बघत उभं राहायचं नाही.

डिशवाला प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. शहर गेलं, फाटक गेलं, एका माणसाची ती खोली गेली. बायकोला आत्ता बाहेर जाऊन सांगता येणार होतं. आनंद झाला होता, पण त्याच्या खालून बावीस वर्षांचा राग वर आला. इतकं सोपं होतं का हे? मग या माणसानं एवढी वर्षं वाळीत का टाकलं? आणि रोपं वाफ्यात वाढून जाईपर्यंत दादासारखा शेतकरी बसून कसा राहिला? रान पायाखाली असून हा लावणीच्या दिवसांत घरात दांडे घासत बसला होता का?

"रोपं का जाऊ दिलीस?" त्यानं विचारलं. "रानात गेला नाहीस?"

"नाही."

"वीस दिवस?"

"पाणी धरायला पहाटे जाऊन यायचो. दिवसा घरी."

"का?"

दादानं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. डिशवाल्याचा आवाज चढला. "द्यायचंच होतं रान, तर एकदा हाक मारायचीस. लोकांकडून कळलं ना तुला, मी चाललोय ते? एक हाक मारली असतीस तर धावत आलो असतो."

"मारली की," दादा म्हणाला. "कळलं त्याच दिवशी पिन काढली, आणि दार लोटून बसलो. रोज वाटायचं, आता चित्र गेलंय, आज येशील."